घरातले कोपरे संपले

घरात सुतार आला की भुसा आणि किस्से, दोन्हींचा ढीग पडतो. भुसा बायको झाडून काढते. किस्से माझ्याकडे राहिलेत.

नव्वदच्या दशकात, कॉलेजातली गणिताची नोकरी संपल्यावर, आम्ही नाशिकचं जुनं घर दुरुस्त करायला काढलं. छताच्या कडेनं सागवानी पट्टी फिरवायची होती. वणीचे भिकामिस्त्री रोज एसटीनं यायचे.

पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, "कोपरा नव्वद अंशांचा. म्हणजे दोन्ही पट्ट्या पंचेचाळीसवर कापा."

मिस्त्रींनी कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला. फटीतून बोट गेलं!

"सर, हे भिंतीला शिकवलं होतं का तुम्ही?"

*

त्यांची रीत वेगळी, वडलांकडून आलेली. एक पट्टी जागेवर धरून तिच्या कडेनं छतावर रेघ मारायची. मग दुसरी धरून दुसरी रेघ. रेघा जिथे छेदतील तिथून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ, तोच कट. कोपरा कितीचाही असो!

मी घाईघाईनं वहीत सिद्धता लिहिली. कोन बरोबर दुभागला जात होता. "मिस्त्री, हे सिद्ध होतं!"

"बरं झालं," ते म्हणाले, "वडलांना लय काळजी होती."

*

कोपरा जुळला की नाही, याची परीक्षा एसटीच्या तिकिटानं व्हायची. सांध्यात तिकीट शिरलं की कोपरा नापास. आणि कोपरा पास झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही!

एकदा तीन वाजले तरी तिकीट शिरतच होतं. बायको वैतागली. "अहो मिस्त्री, फटीत लांबीचा लगदा भरा आणि जेवून घ्या!"

"वहिनी, लांबी भरून जेवलं की पचत नाय."

*

मला वाटायला लागलं, आपणही एक कोपरा करावा. आयुष्यभर फळ्यावर कोन काढले, पण या हातांनी एक तरी खरा कोन जुळतो का? शंका होतीच. ती मला कशाचीही येते.

मिस्त्री सुट्टीवर असताना मी कोपरा मोजला. साडेत्र्याण्णव. निम्मे पावणेसत्तेचाळीस. सात वेळा तपासून करवत चालवली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पट्ट्या हातात घेतल्या. "माप एक नंबर, सर! पण दोन्ही डाव्याच कापल्यात. ह्या एकमेकींना भेटणार कधी?"

दुसरा प्रयत्न त्यांच्या रीतीनं केला. तिकीट अर्ध्यापर्यंत गेलं. त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही.

"पुढच्याला जमंल," मिस्त्री म्हणाले. पण पुढचा कुठला? घरातले कोपरे संपले होते.

*

सात-आठ वर्षांनी मोबाईल वाजला. "सर, भिका बोलतोय, वणीहून. आमचंच जुनं घर नीट करतोय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बारीक रेघ दिसत नाय. या."

"मिस्त्री, माझा कोपरा नापास झाला होता!"

"म्हणून तर एक राखून ठेवलाय."

बायको म्हणाली, "त्यांची पट्टी वाया घालवू नका म्हणजे झालं." वणीपर्यंत एसटीत तेच वाक्य डोक्यात.

मिस्त्री स्टँडवरच उभे होते. चहा नाही, पाणी नाही. थेट घरी. मी शिडीवर चढलो. एक रेघ, दुसरी रेघ, तिरकी रेघ. डावी कुठली, उजवी कुठली, दोनदा मोठ्यानं म्हणालो. मिस्त्रींची कारभारीण स्वयंपाकघरातून हसली. करवत चालवली. पट्ट्या ठोकल्या आणि खाली उतरलो.

मिस्त्रींनी हात पुढे केला. "तिकीट द्या."

मी खिशातून काढून दिलं. ते शिडीवर चढले. तिकीट वरून लावलं. खालून लावलं. उलटं करून पुन्हा लावलं. दिसत नव्हतं म्हणून सांध्यावरून नख फिरवलं. मी जमिनीकडे बघत राहिलो.

शिडीवरूनच त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, सरांचं ताट वाढ!"