चिंधीची मिरची

भिवापूरच्या आमच्या शेतात मिरची लाल व्हायला लागली की आई जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन फिरायची. मनात भरलेल्या झाडाला चिंधी बांधायची. त्या झाडाला तोडणाऱ्या बाया हात लावत नसत. त्याची मिरची झाडावरच पिकवून आई तिचं बी धरायची. वर्षानुवर्षं असं निवडत तिनं एक नवी जातच घडवली. वाळवली तरी रंग उतरत नसे, आणि तिखट इतकी की पाहुणे पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसत. आसपासच्या गावांत तिला चिंधीची मिरची म्हणत.

नागपूरच्या लकडगंजमधला एक व्यापारी आमचा माल घ्यायचा. एका वर्षी त्यानं त्याच मिरचीचं बी काढून पिशव्यांत भरलं, त्यांवर आपल्या दुकानाचं नाव छापलं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना तो आला आणि आईलाच म्हणाला, "बाई, हे बियाणं आता आमच्या नावाचं हाये. तुमी कोणाले देऊ नका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हा, नव्वदच्या दशकात, मी नागपुरात वकिली शिकत होते. परत जाताच सरांना गाठलं. यंत्र शोधणाऱ्याला हक्क मिळतो, ते म्हणाले, पण पिकाची नवी जात काढणाऱ्यासाठी आपल्याकडे अजून कायदाच नाही. पुढच्या खेपेला मी घुश्शातच घरी आले.

"आई, कायदाच नाही वं. तुह्या बियाण्यावर तुहा हक्क लागत नाही."

आई मिरच्यांचे देठ खुडत होती. "मंग त्याचा काहून लागते?"

मला हसू फुटलं. कायदा नव्हता, तर तो त्याच्याही बाजूनं नव्हता.

त्या संक्रांतीला आईनं हळदीकुंकवात बी लुटलं. फण्या नाहीत, वाट्या नाहीत. चिंधीत बांधलेल्या बियांच्या पुरचुंड्या. वडील म्हणाले, "सारंच देऊन टाकतं का?" ती म्हणाली, "सारंच." ज्या विधवांना अशा वेळी कोणी दारात उभं करत नसे, त्यांनाही तिनं बोलावलं. शेत तर त्याही कसत होत्या. हळदीकुंकू न पाळणाऱ्या बौद्ध मैत्रिणींच्या घरी मी स्वतः पुरचुंड्या नेऊन दिल्या.

पुढच्या हंगामात व्यापाऱ्याच्या पिशव्या दुकानातच पडून राहिल्या, आणि मिरची लाल झाली तेव्हा गावोगावच्या शेतांत चिंध्या दिसू लागल्या. तो तणतणत आला. "फुकट वाटून आमचा धंदा बसवला तुमी!"

आईनं त्याला पाणी दिलं. जाताना त्याच्या हातावर एक पुरचुंडी ठेवली.

"तुमच्या घरच्या बाईसाठी हाये. संक्रांतीले तिले याले जमलं नाही. अन् कोणी विचारलं, त चिंधीची हाये म्हणून सांगजा."