गार्डसाहेबांच्या वहीतली माझी नोंद

मराठवाड्यातल्या कुठल्या पोराला पीजीला कुठली ब्रँच लागली, हे त्या पोराच्या आईच्याही आधी कुणाला कळत असेल, तर ते नांदेडला माझ्या बहिणीच्या घरासमोर राहणाऱ्या गार्डसाहेबांना. वास्तविक या माणसाच्या घरात डॉक्टर सोडा, साधा कंपाउंडरही झालेला नाही. थोरला मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, धाकटा शिकवण्या घेतो. साहेब स्वतः रेल्वेत गार्ड होते. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण तसं कुणी म्हटलं की कडू गोळी चघळल्यासारखा चेहरा करतात. त्यांच्याविषयी हसतखेळत लिहायचं ठरवून बसलो आहे खरा, पण पेन मध्येच अडतं. कारण एवढ्या सरळ माणसाला त्याच्या म्हातारपणी फसवलं ते मी एकट्यानं.

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम काढतात, भजनाला जातात. गार्डसाहेबांनी एक लांबोडकं रजिस्टर आणलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि त्यात नांदेड-लातूरच्या आणि आसपासच्या मेडिकल कॉलेजांची तुलना मांडली. कुठल्या कॉलेजातून एमबीबीएस झालेली किती पोरं पुढं पीजीला लागली, कुठल्या शाखेला लागली, पोरगं मराठी माध्यमातलं होतं की इंग्रजी, आणि कितव्या प्रयत्नात गेलं. हा शेवटचा रकाना त्यांनी रेल्वेच्या भाषेत भरलेला असे. पहिल्या प्रयत्नात गेलेल्यापुढं ‘वेळेवर’, बाकीच्यांपुढं ‘एक वर्ष लेट’, ‘दोन वर्षं लेट’. एका पोराच्या नावापुढं नुसतंच ‘आउटरला उभा’, म्हणजे सिग्नल न मिळाल्यानं स्टेशनाबाहेर थांबलेला, असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्याला दर साली पाच-दहा मार्कं कमी पडत होती.

या छंदापायी त्यांनी कुठलाच प्रसंग सोडला नाही. बहिणीच्याच गल्लीतल्या एका लग्नात नवरदेव डॉक्टर होता. अक्षता पडल्या, लोक जेवायच्या पंगतीकडं पळाले, आणि हे स्टेजवर चढून मुंडावळ्या बांधलेल्या त्या पोराला विचारून राहिले, “ऑर्थो कितव्या राउंडला लागलं?” नवरी घाबरून बघत होती. मागं एकदा छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात ठेवलं, तर सलाइन लावणाऱ्या निवासी डॉक्टर पोरीला म्हणाले, “बाई, सुई नंतर टोच. आधी कॉलेज सांग.” तिनं सांगितलं, वर ‘वेळेवर’ आहे हेही सांगितलं. तेव्हा कुठं हात पुढं केला. त्यांच्या मंडळींचं गाऱ्हाणं वेगळं होतं. निवृत्तांना वर्षाला रेल्वेचे मोफत पास मिळतात, ते सगळे साहेब पोरांच्या भेटीगाठीत उडवत. “मला रामेश्वर दाखवा म्हणून किती वर्सं झाली मागं लागून राहिले,” त्या बहिणीला सांगत, “हे मला सोलापूरचं हॉस्टेल दाखवून आणले.”

भेटीगाठी अशासाठी, की छापील गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा नांदेडला एका क्लासच्या फ्लेक्सवर एका पोराचा हार घातलेला फोटो झळकला. आठ दिवसांनी लातूरला माझ्याकडं आले असताना दुसऱ्याच क्लासच्या फ्लेक्सवर तोच पोरगा, तोच शर्ट, गालावर तोच तीळ. साहेब थेट पोराच्या गावी, शिरूर अनंतपाळला गेले. बापानं सांगितलं, पोरगं दोन्हीकडं एक दिवससुद्धा गेलं नाही, मावशीच्या माडीवर बसून शिकलं. तेव्हापासून वहीत एक नवा रकाना आला, ‘कुणी सांगितलं’. त्यात एकच शब्द चाले, ‘बाप’. “फ्लेक्स खोटं बोलंल, क्लासवाला खोटं बोलंल,” ते म्हणत, “बाप सोताच्या लेकराबद्दल कशाला खोटं सांगंल?” नोकरीत असताना एकदा गाडी सात मिनिटं उशिरा सुटली, ती आपण चहा पीत राहिल्यामुळं, असं स्वतःच्या हातानं लिहून देणारा हा माणूस. त्याला दुसरं काही सुचणारच नाही.

आता माझं सांगतो. माझी मुलगी लातूरकडच्या एका कॉलेजातून एमबीबीएस झाली, तीही मराठी माध्यमातून आलेली, गावाकडच्या शाळेतली. पीजीची परीक्षा पहिल्याच फटक्यात निघाली. वर्षभर मी बहिणीकडं, ऑफिसात, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडं सांगत सुटलो होतो की आमची बाई आता स्किनची नाहीतर रेडिओलॉजीची डॉक्टर होणार. आणि बाईंनी आपल्या हातानं फॉर्ममध्ये अ‍ॅनाटॉमी वर टाकली आणि घेतली. मृतदेहावर शरीराची रचना शिकवायची, दवाखाना नाही, पेशंट नाही. “बाबा, मला शिकवायचंय,” एवढंच म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिच्या आईनं समजूत घातली, ती माझी, तिची नव्हे.

त्याच आठवड्यात नांदेडला भाच्याचा साखरपुडा होता. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत गार्डसाहेब वही घेऊन आले, माझ्यासमोर खुर्ची ओढली, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, “हां, बाप, बोला.” वीस-पंचवीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, “स्किन.” म्हणताना जीभसुद्धा अडखळली नाही, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. बहिणीनं तिथल्या तिथं माझ्या तोंडात पेढा कोंबला. साहेबांचे डोळे भरून आले. मराठी माध्यमातली, खेड्यातली पोरगी, पहिल्या प्रयत्नात स्किन. त्यांनी त्या ओळीपुढं लाल शाईनं चांदणी काढली. बायकोनं आपल्या हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

मला वाटलं, झालं, एका म्हाताऱ्याच्या वहीत एक शब्द इकडचा तिकडं. पण त्या वहीवर माणसं चालत होती. एमबीबीएसचे पसंतीक्रम भरायचे दिवस आले की गार्डसाहेबांच्या ओट्यावर आईबापांची ही गर्दी. त्या साली अर्धापूरचा एक केळी बागायतदार आला. त्याच्या पोरीला नांदेडही मिळत होतं आणि माझी मुलगी जिथं शिकली तेही. नांदेड घरापासून अर्ध्या तासावर, आणि घरी आईच्या एका अंगावरून वारं गेलेलं. साहेबांच्या वहीत दोन्ही कॉलेजं वर्षानुवर्षं बरोबरीत चालली होती. त्या लाल चांदणीनं पारडं फिरलं. “तुमच्यासारख्याच घरची पोरगी तिथून स्किनला गेली,” साहेब म्हणाले, “तिच्या बापानं माझ्यासमोर सांगितलं.” पोरगी आईला सोडून हॉस्टेलला गेली. हे बहिणीनं मला फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, तुझ्या लेकीमुळं एका पोरीला वाट सापडली म्हणून. मी “बरं झालं” म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेला मी नांदेडला गेलो. ओवाळून झाल्यावर बहीण म्हणाली, “अरे, गार्डसाहेबानं वही बंद केली. लोक येऊन परत जाऊन राहिले. तुझं ऐकतेत ते, जरा जाऊन समजाव की.” तिला काहीच ठाऊक नव्हतं. फराळाचं ताट हातात देऊन तिनंच मला समोरच्या घरी पाठवलं.

साहेब ओट्यावरच बसले होते. ताट बाजूला ठेवलं, माझी विचारपूस केली, लातूरला पाण्याचं कसं आहे ते विचारलं. मी म्हणालो, “गार्डसाहेब, तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात तुमच्या लेकीला भेटून आलो. स्किनचा वॉर्ड हुडकत होतो, तिनंच येऊन हात धरला.”

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर फार बरं झालं असतं.

“अर्धापूरला जाऊन आलो,” ते म्हणाले. “सांगितलं त्यांना, माझी नोंद चुकली. पुन्हा इचारून घ्यायला पायजे होतं मी.”

“माझं नाव सांगितलं का?”

“तुमचं कशाला? वही माझी हाय.” मग म्हणाले, “त्यानं केळीचा घड दिला मला. घ्यावं वाटंना, अन् त्याच्या दारात नको बी म्हणता येईना. तसाच घेऊन आलो खांद्यावर.”

मी वहीची गोष्ट काढली. लोकांना गरज आहे, तुम्ही सुरू करा, असं काहीबाही बोललो. ते ऐकून घेत होते. शेवटी उठून आत गेले आणि वही घेऊन आले. माझ्या मुलीची ओळ उघडली. चांदणी तिथंच होती, ‘स्किन’वर मात्र एक सरळ रेघ मारलेली होती, पट्टी लावून. पुढची जागा कोरी होती.

“पुरी करू या मग ही,” ते म्हणाले. मी म्हणालो, “लिहा, अ‍ॅनाटॉमी.”

साहेबांनी पेनला टोपण लावलं. आवाजात राग नव्हता, उलट मलाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते जपून बोलत होते. “राग नका मानू. पर आता लेकरालाच इचारून लिहितो.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवून नंबर शोधला आणि स्पीकर लावला. मी समोर बसलोय हे त्यांनी तिला सांगितलं नाही. कॉलेज, माध्यम, प्रयत्न, शाखा, सगळं नव्यानं विचारलं आणि तिनं एकेक सांगितलं, अ‍ॅनाटॉमी म्हणताना तिचा आवाज जराही खाली आला नाही. साहेब सावकाश लिहीत होते. लिहून झालं तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

“अन् बाई,” ते म्हणाले, “आवडतं का ते?”

“लई आवडतं काका,” ती हसत म्हणाली. “पहिल्या वर्षाची पोरं घाबरलेली असतेत हो. त्यांना हाताच्या शिरा समजावून सांगताना माझा दिवस कसा जातो कळत न्हाई. घरी कुणाला सांगितलं न्हाई मी, कुणी इचारलंच न्हाई.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वहीत खाली मान घालून ते तिचं उत्तर लिहून घेत होते, आणि मी फराळाच्या ताटावरचा रुमाल उगाच सारखा करत बसलो होतो.