एकाच गावात दोन चैत्र

गुरुजी मंडळी, आपली ही शाळाशाळांतून फिरणारी वही आज माझ्याकडे आली, आणि आजच माझ्या हातून घात झाला.

महिन्यापूर्वी अहेरीच्या कचेरीतून गावतलावाच्या लिलावाची नोटीस आली होती. मासे धरणाऱ्या आमच्या लोकांना वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचली, "चैत्र ११". खाली इंग्रजी तारीखही होती. ती मी गाळली. म्हटलं, यांना तिथी कळते, तेवढं पुरे.

आज चैत्रातली एकादशी. पहाटेच निघून आम्ही कचेरी गाठली. कारकून म्हणाला, "लिलाव होऊन आठवडा उलटला." सरकारने यंदा, १९५७ पासून, सुरू केलेल्या राष्ट्रीय पंचांगातला चैत्र सूर्यावर चालतो, आपला चंद्रावर. त्यांचा चैत्र पाडव्याची वाटच पाहत नाही. तलाव वर्षभरासाठी बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला.

मी हातापाया पडलो. कारकुनाने त्या इंग्रजी तारखेवर नुसतं बोट ठेवलं.

म्हातारे मारोतीभाऊ मला म्हणाले, "आज एकादशीच हाये ना, गुरुजी? मी त सकाळपासून उपाशी हावो. मंग आमी कुठी चुकलो?"

परतीच्या वाटेवर कोणी मला दोषही दिला नाही. चार शिव्या तरी द्यायच्या!

उद्या सकाळी शाळेत फळ्यावर तारीख लिहायची आहे. समोरच मारोतीभाऊंची नात बसते. सांगा मंडळी, कोणती लिहू?