विंचचा ब्रेक आन नाईक बलभीम

माझी पोस्टिंग सिक्कीमला व्हती, ट्रान्सपोर्ट कंपनीत. रिकव्हरी गाडीवर ड्रायव्हर. म्हंजी दुसऱ्याची गाडी उतारावर घसरली की आपल्या गाडीची विंच लावून ती वर ओढायची. विंच म्हंजी पुढं बसवलेला ड्रम, त्यावर गुंडाळलेली पोलादी वायर. शाळा माझी आठवीपातूर, त्यातली दोन वर्सं एकाच बाकावर. कंपनीत माझा उपयोग दोनच. गाडी चालवणं आन लोकान्ला हासवणं. दुसरं जास्त जमायचं.

पाचला उठायचं. सहाला इन्स्पेक्शन. वायर पुरी उलगडायची, तुटलेली तार हाय का बघायची. मंग चढावर वायरचा हुक झाडाला लावायचा, गाडी न्यूट्रलला टाकून विंचवर थोडी वर ओढायची आन मधीच स्विच बंद करायचा. गाडी जागेवर राहिली तर विंचचा ब्रेक चांगला. मागं आली तर वर्कशॉप. मंग रजिस्टरात टिक.

त्या दिवशी मी लंगरमधी, म्हंजी आमच्या जेवणघरात, सुभेदार साहेबांची नक्कल करीत बसलतो. पोट कसं पुढं येतं, शिट्टी कशी मारतेत. सगळ्यात जास्त हासला नाईक बलभीम. आपल्याच बीड जिल्ह्याचा, युसूफ वडगावचा. वेळ गेला. मी ब्रेक बघितलाच न्हाई, टिक मारली.

साडेआठला वायरलेस आला.

"थ्री टनर ट्रक घसरला. मागली चाकं उतारावर. ओव्हर."

"निघालो. ओव्हर."

नऊ वाजून धा मिन्टांनी पोचलो. हुक लावला, ओढलं. गाडी निम्म्याच्या वर आली. संगं आलेला बलभीम ट्रकच्या मागल्या चाकाला दगड लावायला वाकला. मी स्विच बंद केला. ड्रम उलटा फिरला. ट्रक हातभर मागं आला. तेवढाच.

इन्क्वायरी झाली. रजिस्टरात टिक व्हती. अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाला. मी काय बोललो न्हाई.

आता रिटायर झाल्यावर हे कावून काढलं, तर परवा बीडला विंचच्या दुकानात माझं डोकं फिरलं.

नेकनूरच्या वरल्या अंगाला डोंगरात धनगरांची वस्ती हाय. तिथून गोविंदा रोज जीपमधी दूध खाली आणतो. कुणी आजारी पडलं तर त्याच जीपमधी आणतो. पावसात घाटात जीप फसती. आमचे पुढारी बप्पा म्हणले, विंच मी देतो, फौजी, तुमी फकस्त पसंत करा. पसंत त्यांनी आधीच केलती. लाल रंगाची. नारायणगडाच्या यात्रेत जीप पुढं मिरवायची, विंचवर बप्पाचं नाव टाकायचं.

दुकानदारानं स्टिकर दाखवला. बारा हजार पौंड ओढती. वर जादा वायर फुकट.

म्हणलं, "भाऊ, हा आकडा ड्रमवर वायरचा एकच थर असताना खरा. जितकी वायर गुंडाळलेली, तितका जोर कमी. फुकट वायर देऊन ताकद कमी करतो का तू?"

"वॉरंटी हाय ना काका."

"वॉरंटी कुणाच्या बायकोला देणार?"

ती लाल विंच त्याच्या डेमो जीपवर लावलेलीच व्हती. समोर चढ, वर लिंबाचं झाड. हुक झाडाला लावला, जीप न्यूट्रलला टाकली, ओढली, स्विच सोडला. जीप वीतभर मागं आली.

"एवढं चालतंय," दुकानदार म्हणला.

बप्पा म्हणले, "फौजी, बारीक गोष्टीत कावून अडकता? रंग बघा की."

"बप्पा, तुमी जीपच्या मागल्या चाकापशी वाका. मी परत ओढतो."

बप्पा दुकानात सरकले. गोविंदाला मात्र पावसाळाभर तिथंच वाकायचं व्हतं. त्यो बी आमच्यासंगं आलता. पुढाऱ्यापुढं कसा बोलंल?

मी आडवा आलो. जीप हलकी, तिला एवढी मोठी विंच लागतच न्हाई. कोपऱ्यात एक काळी, बारकी विंच पडलती. स्वस्त, दिसायला माझ्यासारखी. तिचा ब्रेक चार बार बघितला, बोटभर बी हालली न्हाई. सोबत एक कप्पी घेतली, विहिरीवर असती तसली पण पोलादी. वायर कप्पीतून फिरवून परत जीपलाच अडकवली की जोर जवळपास दुप्पट. आडलं कुठं?

जाताना दुकानदार फणकाऱ्यानं म्हणला, "लई शिकवता. फौजेत तरी रोज ब्रेक कोण तपासतं ओ?"

मला गप करणारा हा पैलाच माणूस.

गोविंदाला तपासायचं कसं ते दाखवलं आन दुसऱ्या दिवशी एसटीनं युसूफ वडगावला गेलो. बलभीमच्या घरी मी दरसाल जातो. वैनी चहा देती, म्हणती, नशिबात व्हतं त्यांच्या. मी मान हालवतो. ह्या बारीला हालवली न्हाई. नक्कल, टिक, ब्रेक, सगळं सांगितलं.

वैनीनं माझ्या हातातला कप काढून घेतला, निम्मा भरलेला, आन आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. उन्हं गेली तसा उठलो.

बरोबर केलं तिनं.

नाईक बलभीम. दहा नंबरचा बूट. हासताना डोळे गच्च मिटायचा, ताटातली पुरी खाली पडली तरी कळायचं न्हाई. त्यो नशिबानं गेला असं कुणी म्हणलं, तर त्याला माझ्याकडं पाठवा.