काळा रंग लावलेले खूर

थोरल्या भावाची पांढरी घोडी लंगडायला लागली ती नेमकी लग्नसराई तोंडावर असताना. कळंब्यात आमची घरं शेजारी-शेजारी. वहिनी गेल्यापासून दादा माणसांपेक्षा त्या घोडीशीच जास्त बोलतो, त्यामुळं तिचा पाय गेला तर दादाचं काय, याचीच मला धास्ती. गाई-म्हशींचे डॉक्टर इथं हाकेला हजर, पण घोड्याच्या पायातलं जाणणारे डॉक्टर मला पुण्यात सापडले, तेही फोनवर. ते म्हणाले, आधी खुरांचे फोटो पाठवा.

फोटो म्हटल्यावर दादानं घोडीला आंघोळ घातली. वरातीला निघताना लावतो तसा चारही खुरांना काळा रंग फासला, वर खोबरेलाचा हात फिरवला. मी म्हणालो, नुसते पाय धुतले तरी चालेल. त्यावर तो म्हणाला, पुण्याचा माणूस बघणार, आपली घोडी गबाळी दिसायला नको. मलाही ते पटलं, हे कबूल करतो. अंगणातल्या गवतात तिला उभी करून मी उभ्यानंच, वरून चार फोटो काढले. खूर असे चमकत होते की मी स्वतःवरच खूश झालो.

डॉक्टरांनी कळवलं, यातून काही समजत नाही. रंग काढा, फरशीवर उभी करा, फोन जमिनीला टेकवून समोरून आणि बाजूनं फोटो घ्या, पाय उचलून तळवाही दाखवा. मला राग आला. जन्मभर मास्तरकी केली, आणि आता माझीच वही कुणीतरी परत फेकली होती. दादा म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, बघू दोन दिवसांनी. दोनाचे आठ झाले. त्या आठ दिवसांची मला अजून लाज वाटते.

नवव्या दिवशी घोडी पुढचा उजवा पाय टेकवेनाच. मी दादाला न विचारता गरम पाणी, साबण आणि जुना ब्रश घेऊन बसलो. तो दारात उभा राहून बघत होता, पण त्यानं अडवलं नाही. रंग निघाला तशी खुरावरच्या केसांपासून पार खालपर्यंत गेलेली चीर दिसली. पाय उचलला तर तळव्याला घाण वास. फरशीवर पालथा पडून मी फोटो काढले. तिसऱ्या खेपेला नीट आले.

डॉक्टरांचा लगेच फोन आला, तो मी स्पीकरवर ठेवला. आत पू झालाय, म्हणाले, तिथल्या डॉक्टरांना आत्ता बोलवा, पू कसा काढायचा ते मी त्यांना सांगतो. घोडी वाचेल, पण वरातीत चालणं संपलं. मग त्यांनी विचारलं, ही चीर आधी कुणालाच दिसली नाही का?

मी नाही म्हणणार होतो. दादानं माझ्या हातातून फोन घेतला.

"मला दिसलीती की," तो म्हणाला. "रंग लावायच्या आदीच. तुमी बघितली असती तर ती खरी झाली असती."

मग डॉक्टरांनी चिरेचा आणखी एक फोटो मागितला, अगदी जवळून. दादानं पाय धरून ठेवला, आणि मी परत फरशीवर आडवा झालो.