पाहुण्यांच्या नावातली फट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी शिंकसुद्धा सांगून देतो.

भीमराव जालन्याच्या एमआयडीसीत, एका स्टीलच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. माणसांच्या डोक्यावरून लालभडक लोखंड नेताना त्याचा हात कधी हलला नाही, असं खालचे कामगार सांगत. रविवारी तो हलक्या लाकडाची, रिमोटवर उडणारी विमानं बनवायचा. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, रंगकाम माझ्याकडे. नियम एकच. शेपटीची हलती पट्टी — तिच्यावर विमान वर-खाली होतं — वेगळी रंगवायची, वाळल्यावर बिजागरीवर बसवायची. मधल्या फटीत रंग जाता कामा नये. "फट दिसू द्या सर," तो म्हणायचा. "समदं तिच्यावरच हाय."

मग शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. विमान उडवायचं ठरलं, आणि त्यावर प्रमुख पाहुण्यांचं नाव हवं, असंही ठरलं. पंखांवर संस्थेचं नाव आधीच बसलं होतं; पाहुण्यांच्या वाट्याला शेपटी आली. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आली ती फट — वर शिरोरेषा, खाली अक्षरं, मधून चीर. "नावाचा गळा कापला की हो सर," मुख्याध्यापक म्हणाले.

मी काय केलं? फटीत पुट्टी भरली. वरून रंग फिरवला. ओलं होतं तोवर पट्टी हलत होती. नाव झकास दिसलं.

पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर ऊन तापलं होतं. घाईत भीमरावनं विचारलं, "पट्टी बघितली ना सर?"

"बघितली," मी म्हणालो. बघितली नव्हती.

विमान त्याच्या हातून सुटलं, जरा उठलं, आणि सरळ नाकावर आलं. कुणाला लागलं नाही. पाहुणे हसले, टाळ्याही झाल्या.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं चूक नव्हती. शेपटीशी सगळ्यांत आधी मी पोचलो. पाठमोरा होऊन अंगठ्यानं पट्टी दाबली — कट्‌ आवाज झाला, वाळलेली पुट्टी तुटली. मग ती शेपटी त्याच्या हातात दिली. त्यानं पट्टी वर-खाली करून पाहिली. पुन्हा पाहिली.

"ही तर मोकळी हाय," तो म्हणाला. "मंग माझाच हात चुकला."

मी अंगठ्याला लागलेला पुट्टीचा चुरा रुमालाला पुसला.

त्यानं पुन्हा विमान केलं नाही. महिन्याभरानं घरी आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, क्रेन सोडावी म्हणतो. खाली माणसं असतात, आता हाताचा भरवसा न्हाई. तुम्हाला काय वाटतं सर?

तेव्हा तरी सांगायचं होतं — नाही का? मी म्हणालो, "सावध राहिलेलं बरं."

आता तो त्याच कारखान्याच्या गेटवर असतो. ट्रक आला की दांडी वर करतो, गेला की खाली. माझा रस्ता तिथूनच जातो. तो हात करतो. मीही करतो.