अबोली आणि जावईबापूंची कातर

आता माझी शोभा मीच करून घेतो, म्हणजे तुमचा चहा तरी गोड लागेल!

गोव्याला घटकराज्याचा दर्जा नुकताच मिळाला होता आणि मला जावयाचा. दोघंही आपापल्या दर्जाबद्दल जरा जास्तच जागरूक! मी डिचोलीत गणिताचा मास्तर, सासुरवाडी पेडण्याची. धाकट्या मेव्हणीचं लग्न आठवड्यावर आलेलं. सासूबाईंनी अंगणात कुंड्यांची रांग लावून अबोली वाढवली होती. कशासाठी? तर नवरीच्या केसात घरच्या अबोलीची फाती, म्हणजे गजरा, हवा. विकतचा चालणार नाही!

त्या दिवशी सगळे म्हापशाच्या बाजाराला गेले. मला म्हणाले, "तुम्ही आराम करा."

जावयानं आराम करावा? छे! आमच्या शाळेतल्या एका बागवेड्या मास्तरांनी मला सांगितलं होतं, सुकलेली फुलं वेळेवर काढली की झाड दुप्पट फुलतं. अंगणात बघतो तर काय, एकेका झाडावर हिरवे, बोडके तुरे, मध्येच एखादा तपकिरी. फूल एक नाही. म्हटलं, संपली बिचारी! घेतली कातर आणि सुरू. कच्‌, कच्‌, कच्‌!

दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या सुमतीकाकी डोकावल्या. "काय चाललंय हो जावईबापू?"

"जुने तुरे काढतोय. आता बघा कशी फुलं येतात!"

"अगो बाय! शिकलेला जावई तो शिकलेला! माझीपण काढा हां. माझी पेज चुलीवर आहे." आणि गेल्या आत.

एवढ्या कौतुकानं माणूस थांबतो होय? गडग्यावरून उडी मारली आणि त्यांच्याही कुंड्या साफ केल्या. अगदी गुळगुळीत!

संध्याकाळी मंडळी परतली. सासूबाईंच्या हातातली पिशवी तिथंच गळाली.

"कोणाची शेळी शिरली गो अंगणात?"

मी छाती काढून पुढे झालो. "शेळी नाही, आई. मी!"

माझी बायको शुभा कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, फुलं सकाळी मीच खुडली होती! त्या हिरव्या तुऱ्यांत वरचे सगळे कळे होते. रोज थोडे थोडे उमलतात ते!"

"मग सुकलेले तुरे कुठले?"

"ते काय, तुम्ही ठेवलेत ते! तपकिरी!"

आता काय सांगू? ते मला पिकलेले वाटले होते, म्हणून बियांसाठी जपून ठेवले होते.

सासूबाई मोठ्या मनानं म्हणाल्या, "राहू दे. सुमतीकडे भरपूर आहेत. तिच्याकडची घेऊ."

मी जमिनीकडे बघायला लागलो. माझं तोंड बघून शुभानं घाबरून विचारलं, "तिकडे नाही ना गेलात?"

उत्तर गडग्यापलीकडून आलं. "अगोऽऽऽ! मेलो कितें करून गेलो गो हो!"

जावईबापूंचा 'मेलो', म्हणजे मेला, व्हायला एक पेज शिजण्याइतकाच वेळ लागला!

लग्नात नवरीच्या केसात म्हापशाची शेवंती. जी बाई येई ती विचारी, "अबोली कशी नाही गो?" सासूबाई फक्त हनुवटीनं माझ्याकडे दाखवत होत्या. वऱ्हाडातली माणसं नवरा बघायची सोडून मला बघायला येऊ लागली! शुभा तर ओळखच दाखवेना.

आणि गंमत बघा, शास्त्र खोटं नव्हतं! लग्नाला महिना होतो न होतो तोच दोन्ही अंगणांत अशी अबोली फुलली म्हणता, पानं दिसेनात! मी शुभाला म्हटलं, "बघ! शेवटी कोण बरोबर?"

त्याच आठवड्यात मेव्हणा डिचोलीला आला. सासूबाईंनी माझ्या नावानं केळीच्या पानातली पुडी पाठवली होती. उघडली, तर आत हातभर लांब, टपोरी अबोलीची फाती. मला भरूनच आलं. म्हटलं, "आईंनी माफ केलं तर! काही निरोप?"

मेव्हणा जरा घुटमळला. "आई म्हणाली, जावईबापूंना डोक्यात घालायला सांग. नाहीतरी आत काहीच नाही, निदान वर तरी काहीतरी असू दे."